स्क्रीनवरचे चाहते आणि दारावरची तिकिटं

नव्या बँडला पहिली सुपारी देणारा माणूस संगीताचा जाणकार असतोच असं नाही. त्याच्याकडे दीडशे-दोनशे माणसं मावतील अशी जागा असते. तिचं भाडं, साउंड इंजिनिअरचे आणि वाढप्यांचे पगार, परवान्यांचा खर्च हे सगळं त्याच्या डोक्यावर असतं आणि शुक्रवार-शनिवार सोडले तर रिकाम्या टेबलांची धास्ती असते. एखाद्या बँडने पाठवलेली लिंक उघडताना त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा, की यांच्यासाठी किती माणसं घराबाहेर पडतील? गाणं कसं आहे, हा प्रश्न नंतरचा. यात त्याचा दोष नाही. संध्याकाळ रिकामी गेली तर नुकसान त्याचं होतं.

हे पुस्तक त्या पहिल्या प्रश्नाबद्दल आहे. गेल्या वीसेक वर्षांत त्याचं उत्तर देण्याचं काम सोशल मीडियावरच्या आकड्यांकडे आलं. किती फॉलोअर, किती व्ह्यूज, किती जणांनी गाणं पुढे पाठवलं, हे पाहून तारखा दिल्या जाऊ लागल्या. नव्या बँडना यातून खरोखर वाट मिळाली आणि काहींची फसगतही झाली. दोन्ही का घडतं हे समजून घेतलं, तर पुढली प्रकरणं वाचताना कुठली युक्ती आपल्या कामाची आणि कुठली नाही हे वाचणाऱ्या बँडला स्वतःच ठरवता येईल.

प्रश्न अर्थात जुनाच आहे. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात यात्रांच्या हंगामाआधी तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिट्यांची माणसं तिथे येतात, राहुट्यांमधून फिरतात, घासाघीस करतात आणि सुपारी ठरवून विसार देऊन जातात. भाव ठरतो तो फडाच्या नावावर आणि तारखेवर. मोठ्या तिथीला तो चढतो, आडदिवशी उतरतो. कमिटीतल्या कुणीतरी त्या फडाचा वग मागच्या वर्षी शेजारच्या गावात पाहिलेला असतो, नाहीतर पाहिलेल्याकडून ऐकलेला असतो. शिफारस करणारा हा माणूस स्वतः तंबूत बसून खेळ बघून आलेला असतो, ही त्या व्यवहारातली मोलाची गोष्ट. त्याच्या शब्दाला वजन येतं ते त्यामुळेच.

शहरातल्या रॉक बँडना असा आधार नव्हता. मुंबईत १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव भरू लागला, धोबी तलावच्या रंगभवनात तरुणांची गर्दी होऊ लागली. आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवातल्या लाइव्हवायर स्पर्धेत किंवा झेवियर्स कॉलेजच्या मल्हार महोत्सवात नाव झालं तर पुढचं दार उघडायचं. पण अशी व्यासपीठं बोटांवर मोजण्याइतकी. सांगली, नांदेड, अकोल्यातल्या मुलांनी तिथवर पोचायचं कसं? त्यांच्या नावाची खात्री देणारं कुणी नव्हतं. कॅसेट कंपनीचा दरवाजा बंद, वर्तमानपत्राला रस नाही आणि रेडिओवर सिनेमाचं राज्य. सोशल मीडियाने काय बदललं हे कळायला ही परिस्थिती लक्षात ठेवावी लागते. ज्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं, त्यांच्या बाजूने ऐकणाऱ्यांना बोलता येऊ लागलं.

याचं पहिलं ठळक उदाहरण इंग्लंडमधल्या शेफील्डचं आहे. ते नीट सांगायला हवं, कारण ते बहुतेक वेळा उलट्या क्रमाने सांगितलं जातं. आर्क्टिक मंकीज हा चार मुलांचा बँड २००२ मध्ये सुरू झाला. त्यांचा पहिला कार्यक्रम १३ जून २००३ रोजी शेफील्डच्या 'द ग्रेप्स' या पबमध्ये झाला. पुढे त्यांनी काही गाणी ध्वनिमुद्रित केली, त्यांच्या सीड्या काढल्या आणि कार्यक्रमाला आलेल्यांना फुकट वाटल्या. सीड्या मोजक्याच असत. ज्यांना मिळाल्या त्यांनी ती गाणी संगणकावर चढवून मित्रांना पाठवली, मित्रांनी आणखी पुढे पाठवली. तेव्हा तरुणांत लोकप्रिय असलेल्या मायस्पेसवर बँडच्या नावाचं पान उघडलं तेही चाहत्यांनीच. ते कसं चालवायचं हे आपल्याला माहीतही नव्हतं, असं बँडने पुढे मुलाखतींमधून सांगितलं. परिणाम असा झाला, की नव्या गावात वाजवायला गेल्यावर समोरची मुलं शब्दासकट गाणी म्हणायची, आणि बाजारात मात्र त्यांची एकही रेकॉर्ड नसायची.

ऑगस्ट २००५ मध्ये रेडिंग आणि लीड्सच्या जोडमहोत्सवात त्यांना एका लहान मंचावर वेळ मिळाली. त्या मंचाला झेपणार नाही एवढी गर्दी तिथे लोटली. ऑक्टोबरात लंडनचं अस्टोरिया सभागृह भरलं. त्याच महिन्यात त्यांचं सिंगल ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं आणि जानेवारी २००६ मध्ये आलेल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांहून अधिक प्रती खपल्या. वर्तमानपत्रांनी त्यांना मायस्पेसने घडवलेला बँड ठरवून टाकलं. ते अर्धंच खरं आहे. मायस्पेसवर नाव होण्याआधी हा बँड लहान खोल्यांमधून वाजवत होता, आणि हातोहात फिरलेली गाणी त्या खोल्यांत येणाऱ्यांनी फिरवली होती. शेफील्डच्या एका खोलीतला उत्साह बँडच्या आधी दुसऱ्या शहरात जाऊन पोचायचा, हे काम इंटरनेटने केलं. खोलीत उत्साहच नसता तर पोचवायला काही नव्हतं. आणखी एक गोष्ट मला फार आवडते. रेकॉर्ड कंपन्यांची माणसं कार्यक्रमाला येऊ लागली तेव्हा या मुलांनी त्यांना फुकट आत घ्यायला नकार दिला. बघायचं असेल तर तिकीट काढा, म्हणाले. ज्या बँडकडे तिकीट काढणारे लोक आधीच असतात, त्यालाच असं बोलता येतं.

आपल्याकडचं एक उदाहरण याच कुळातलं आहे. केरळच्या थैक्कुडम ब्रिज या बँडने २०१३ च्या सुमारास कप्पा टीव्हीच्या म्युझिक मोजो या कार्यक्रमात जुन्या गाण्यांची एक मालिका सादर केली. तिचा व्हिडिओ यूट्यूबवर प्रचंड पाहिला गेला आणि बँडला देशभरातून, परदेशातल्या मल्याळी मंडळींकडून बोलावणी येऊ लागली. त्या व्हिडिओत कथानक नव्हतं, नट नव्हते, समुद्रकिनारा नव्हता. स्टुडिओत उभी राहून भरपूर माणसं एकत्र गात-वाजवत होती. आयोजकाला जे विकत घ्यायचं होतं तेच त्याला दिसलं. नव्या बँडना मी हे पुन्हा पुन्हा सांगेन : पहिले पैसे हातात आले की ते चकचकीत म्युझिक व्हिडिओवर घालू नका. चांगल्या आवाजात, एका दमात, न कापता चित्रित केलेलं एक गाणं सुपारीच्या दृष्टीने त्याहून कितीतरी मोलाचं आहे. चकचकीत व्हिडिओ पाहून आयोजकाला एवढंच कळतं, की दिग्दर्शक चांगला होता.

ब्लडीवूड या बँडची वाट मात्र बरोबर उलटी. दिल्लीत २०१६ मध्ये वकिली सोडून आलेला करण कटियार आणि गायक जयंत भदुला यांनी प्रसिद्ध गाण्यांची मेटल रूपं करून यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. सुरुवातीला त्यात गंमत जास्त होती. दलेर मेहंदींच्या 'तुनक तुनक तुन'ला त्यांनी मेटलचा साज चढवला. २०१८ मध्ये 'अरी अरी' आलं, त्यात राऊल केर हा रॅपर सामील झाला, आणि भांगडा, ढोल आणि जड गिटार यांचं त्यांचं स्वतःचं मिश्रण तयार झालं. भारतात मेटल ऐकणारे मूठभर. पण यूट्यूबला गावाची वेस नसते, त्यामुळे जर्मनी, ब्रिटन, अमेरिकेतल्या मेटलप्रेमींनी त्यांना शोधून काढलं. जर्मनीच्या उत्तरेला वाकन नावाचं खेडं आहे. तिथे १९९० पासून दर उन्हाळ्यात मेटलचा जगातला एक मोठा महोत्सव भरतो आणि ७५ हजारांहून अधिक माणसं येतात. २०१९ मध्ये ब्लडीवूड त्या मंचावर होते. त्यांचा मूळ गाण्यांचा पहिला अल्बम, 'रक्षक', यायला तेव्हा आणखी अडीच वर्षं होती.

मग लोकप्रियता आधी आणि मंच नंतर, असंही चालतं का? चालतं, पण ब्लडीवूडने मधल्या काळात काय केलं ते पाहायला हवं. पडद्यावर दोन-तीन चेहरे होते, मंचासाठी त्यांनी ढोल, ड्रम आणि बास वाजवणारे घेऊन पूर्ण ताफा उभा केला. त्याच उन्हाळ्यात ते युरोपातल्या इतर शहरांमधूनही वाजवत फिरले. गाणी बदलली, विषय बदलले. नैराश्य, दादागिरी, माणूस आणि कुत्रा यांचं नातं यांवर त्यांनी गाणी केली आणि 'जी वीरे'च्या वेळी ऐकणाऱ्यांसाठी मोफत समुपदेशनाची सोय केली. विनोदी व्हिडिओमुळे आलेला माणूस हळूहळू बँडचा माणूस झाला. वाकनच्या मैदानात उभ्या असलेल्या प्रेक्षकाला व्ह्यूजचा आकडा ठाऊक असण्याचं कारण नाही. त्याला समोरचा ढोल ऐकू येत होता.

आकड्यावर विसंबणं किती महाग पडतं हे दाखवणारा प्रकार २०१८ च्या नोव्हेंबरात घडला. जेरेड थ्रेटिन नावाचा अमेरिकन संगीतकार युरोपच्या दौऱ्यावर निघाला. त्याच्या पानावर हजारो लाइक्स होते, भरगच्च सभागृहांचे व्हिडिओ होते, एजन्सी होती, रेकॉर्ड कंपनी होती. लंडनच्या कॅम्डन भागातल्या अंडरवर्ल्ड क्लबला सांगण्यात आलं होतं की २९१ तिकिटं आधीच विकली गेली आहेत. प्रत्यक्षात तिघे आले. लाइक्स विकतचे, एजन्सी बनावट, कंपनी बनावट. त्याच्यासोबत आलेल्या वादकांनीही आपल्याला काही कल्पना नव्हती असं सांगितलं. दौरा अर्धवट सुटला. या प्रकरणाची जगभर चर्चा झाली ती थ्रेटिनच्या धाडसाची. मला मात्र त्या संध्याकाळी आधी वाजवणाऱ्या स्थानिक बँडचं वाईट वाटतं. मोठ्या गर्दीसमोर वाजवायला मिळेल म्हणून ते तयारी करून आले होते. त्या घटनेनंतर कुणाही शहाण्या आयोजकाने नुसत्या लाइक्सवर विश्वास ठेवू नये, आणि शहाणे आयोजक ठेवतही नाहीत. म्हणून विकतचे फॉलोअर घेण्याचा मोह एखाद्या बँडला झालाच तर नैतिकता बाजूला ठेवूनही सांगता येतं : त्याचा उपयोग नाही. विकत घेतलेला फॉलोअर तिकीट काढत नाही, आणि पहिल्याच कार्यक्रमात ते उघड होतं.

खऱ्या चाहत्यांचाही हिशेब सरळ नसतो. पॉम्पलमूस हा जॅक कॉन्टे आणि नॅटली डॉन यांचा अमेरिकन बँड यूट्यूबमुळेच नावारूपाला आला. त्यांचे व्हिडिओ कोट्यवधी वेळा पाहिले गेले होते. २०१४ मध्ये त्यांनी २८ दिवसांत २३ शहरांत २४ कार्यक्रमांचा दौरा केला आणि कॉन्टेने त्याचा पूर्ण जमाखर्च लोकांसमोर ठेवला. तिकिटं, टी-शर्ट आणि प्रायोजक मिळून उत्पन्न १,३५,९८३ डॉलर. खर्च १,४७,८०२ डॉलर. म्हणजे ११,८१९ डॉलरची तूट. वादक, तंत्रज्ञ आणि प्रकाशयोजना यांवर त्यांनी जाणूनबुजून खर्च केला होता, पुढच्या दौऱ्यांसाठीची ती गुंतवणूक होती. सभागृहं भरली नव्हती असं नाही. भरली, तरी तूट आली. दौऱ्याला बस लागते, हॉटेल लागतं, विमा लागतो, माणसांना पगार द्यावा लागतो. हा जमाखर्च प्रत्येक नव्या बँडने भिंतीवर लावून ठेवावा. चाहत्यांच्या नियमित वर्गणीतून कलावंताला हातभार लावणारी पॅट्रिऑन ही व्यवस्था २०१३ मध्ये सुरू करणाऱ्यांपैकी एक हाच जॅक कॉन्टे होता. व्ह्यूज आणि भाकरी यांच्यातलं अंतर त्याने स्वतः मोजलं होतं.

तर मग आयोजकाला कुठला आकडा दाखवायचा? एकूण फॉलोअरचा नव्हे, शहराचा. समजा, एका बँडचे एक लाख फॉलोअर आहेत आणि ते दिल्ली, ढाका, दुबई, लंडन असे विखुरलेले आहेत. दुसऱ्याचे सहा हजार आहेत, पण त्यातले चार हजार पुण्यात राहतात. कोरेगाव पार्कातल्या दोनशे माणसांच्या जागेसाठी दुसरा बँड मोठा आहे. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये, यूट्यूब स्टुडिओत आणि स्पॉटिफायच्या कलाकारांसाठीच्या पानावर ऐकणारे कुठल्या देशातले, शहरातले आहेत हे दिसतं. बँड ती पानं उघडतात ती स्वतःच्या समाधानासाठी. उघडायला हवीत ती दौरा आखण्यासाठी. नाशिकमध्ये आपल्याला ऐकणारे आठशे जण निघाले तर नाशिकमधल्या आयोजकाला तेवढंच दाखवा. त्याहून वजनदार पुरावा म्हणजे मागच्या कार्यक्रमाला विकलेली तिकिटं. साठ विकली असतील तर साठ सांगा. साठ माणसं खरोखर येणार असतील तर लहान जागेच्या मालकाला तेवढ्यावर निर्णय घेता येतो, आणि पुढच्या खेपेला ऐंशी आली तर तो तुम्हाला स्वतःहून फोन करतो.

साठ माणसंही अजून नसतील, तर आपल्याच गावातल्या जरा मोठ्या बँडच्या आधी वाजवायला मिळावं म्हणून प्रयत्न करावा. हे जुनं शहाणपण आहे आणि सोशल मीडियाने ते कालबाह्य केलेलं नाही. फरक एवढाच, की त्या संध्याकाळी तुमची तीन गाणी ऐकून खूश झालेला माणूस पूर्वी घरी जाऊन तुम्हाला विसरायचा. आता तो गाणं चालू असतानाच तुमचं पान शोधतो. तेव्हा मंचावरून नाव स्पष्ट सांगा, दोनदा सांगा. नावाचं स्पेलिंग चमत्कारिक ठेवू नका.

महाराष्ट्रात या माध्यमाचा सगळ्यात नेमका वापर कोण करतं असं मला विचाराल, तर मी पबमधल्या रॉक बँडचं नाव घेणार नाही. मी लालबाग, गिरगाव, वरळीच्या बँजो पथकांकडे बोट दाखवेन. वरळी बीट्स, जोगेश्वरी बीट्स यांच्यासारख्या ग्रुपचे व्हिडिओ यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर पाहा. गणपतीच्या आगमनाची मिरवणूक चालू आहे, ट्रॉलीवर कीबोर्ड आणि बँजो आहे, पुढे कच्छी ढोल आणि ताशा आहे, आणि कुणीतरी गर्दीतूनच मोबाइल उंच धरून सलग दहा-पंधरा मिनिटं चित्रण केलेलं आहे. आवाज फाटतो, चित्र हलतं. पण वाजवणारे कसे वाजवतात आणि समोरची माणसं कशी नाचतात हे दोन्ही दिसतं. हळदीला, लग्नाला, दहीहंडीला बँजो ठरवणाऱ्या माणसाला एवढंच बघायचं असतं. अशा व्हिडिओंखाली सुपारीसाठी फोन नंबर दिलेला असतो. फॉर्म भरा, मेल करा, मॅनेजरला भेटा, असली भानगड नाही. ही मुलं इंग्रजी ब्लर्ब लिहीत नाहीत, आपण कुठल्या परंपरेतून आलो हे सांगत बसत नाहीत. ती वाजवतात, ते लोकांना दिसतं आणि फोन वाजतो. नारायणगावच्या राहुटीत जो माणूस पूर्वी पाहून आलेल्याच्या शब्दावर सुपारी ठरवायचा, त्याला आता तंबू न गाठता खेळ पाहता येतो. नव्या बँडने या पथकांकडे विद्यार्थी म्हणून जावं असं मी अगदी मनापासून म्हणतो.

मराठी भाषाही आता अडचण राहिलेली नाही. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' २०२४ मध्ये स्पिनिन रेकॉर्ड्स या डच कंपनीतर्फे आलं आणि रील्सवरून ते मराठी न समजणाऱ्यांपर्यंतही गेलं. ते बँडचं गाणं नव्हे, हाउस संगीताचं आहे. पण मराठीत गायलो तर मुंबईच्या क्लबमध्ये कोण घेणार, ही वर्षानुवर्षांची कुरकुर त्यामुळे पोकळ ठरली.

रील्सनी मात्र एक नवी अडचण आणली आहे. रील साधारण तीस सेकंदांचं असतं, मंचावरचा सेट चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचा असतो. तीस सेकंद गाजलेल्या बँडकडे उरलेली मिनिटं कुठून येणार? ती रियाजातूनच यावी लागतात, आणि रियाज चित्रित केला तरी कुणी पूर्ण बघत नाही. दुसरं असं, की रीलवर पटकन पळतं ते ओळखीचं गाणं. जुन्या हिंदी गाण्याचं नवं रूप केलं की व्ह्यूज येतात, व्ह्यूजमुळे सुपाऱ्या येतात आणि त्या सुपाऱ्या त्याच गाण्यांच्या असतात. "बॉलिवूड नाइट करा, तुमचं स्वतःचं एखादं मध्ये टाका," असं आयोजक सांगतो. दोन वर्षांनी बँडचे हजारो चाहते असतात आणि त्यातल्या कुणालाच बँडचं स्वतःचं गाणं माहीत नसतं. पैशांसाठी दुसऱ्यांची गाणी वाजवण्यात कमीपणा काही नाही, कित्येक उत्तम वादकांचं घर त्यावर चालतं. पण स्वतःचं गाणं पुढे न्यायचं असेल तर ते पहिल्या दिवसापासून पानावर दिसलं पाहिजे, कमी पळालं तरी. ब्लडीवूड विडंबनातून बाहेर पडले ते हळूहळू आणि ठरवून. आपोआप कुणी बाहेर पडत नाही.

आणि हे सगळं ज्या जमिनीवर उभं करायचं, ती आपली नसते. २९ जून २०२० रोजी भारतात टिकटॉकवर बंदी आली. इन्स्टाग्रामने जुलैत रील्स आणलं आणि यूट्यूबने सप्टेंबरमध्ये शॉर्ट्स. पण टिकटॉकवर जमवलेले लाखो चाहते कुणालाच सोबत नेता आले नाहीत. मायस्पेसची गोष्ट याहून क्लेशदायक आहे. सर्व्हर बदलताना २०१५ आधीची गाणी नष्ट झाल्याचं २०१९ मध्ये उघड झालं. सुमारे १ कोटी ४० लाख कलावंतांची ५ कोटींहून अधिक गाणी गेली असं तेव्हा छापून आलं. त्यातल्या कित्येक बँडकडे दुसरी प्रतच नसेल. म्हणून मूळ ध्वनिमुद्रणं स्वतःच्या डिस्कवर दोन ठिकाणी ठेवा. आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या दारावर एक वही ठेवा, ज्यांना पुढच्या कार्यक्रमाचं कळवायचं आहे त्यांचे नंबर त्यांच्या संमतीने लिहून घ्या. तीनशे नंबरांची ती वही कुठलंही अल्गोरिदम बदललं तरी तुमच्याकडेच राहते.

आता पैशांबद्दल, आणि इथे मला थोडं कडक बोलायचं आहे. सोशल मीडियाचा आकडा हा बँडने स्वतःच्या मेहनतीने कमावलेला असतो. अलीकडे काही जागा तो आकडा बघून बँडला बोलावतात, किती पोस्ट टाकणार हे आधी लिहून घेतात, आणि मानधनाचं विचारलं की "एक्स्पोजर मिळेल" असं सांगतात. हे उफराटं आहे. एक्स्पोजर बँड आणतो आहे, जागा नव्हे. बँडच्या पोस्टमुळे माणसं आली, त्यांनी जेवण आणि बार यांचं बिल भरलं, तर त्यातला वाटा बँडला मिळालाच पाहिजे. ठरीव रक्कम नसेल तर तिकिटाचा हिस्सा आधी कागदावर ठरवा. कितवं तिकीट विकल्यापासून हिस्सा सुरू होतो, साउंडचा खर्च कुणाचा, हे लिहून घ्या. लॉस एंजेलिसच्या सनसेट स्ट्रिपवर १९८० च्या दशकात बँडनाच तिकिटं गळ्यात मारून, ती विकून आणा मग वाजवा, असं सांगितलं जायचं. त्याला वाजवण्यासाठी पैसे भरणं म्हणत. पोस्टची सक्ती हे त्याचंच नवं रूप आहे. आपल्या गवयांना बिदागी देण्याची रीत या मातीत शतकानुशतकं आहे. गिटार हातात आल्याने ती रीत रद्द होत नाही.

बँडमधल्या मुलींबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. त्यांच्या व्हिडिओंखाली जे लिहिलं जातं ते वाचवत नाही. चाहते वाढवायचे म्हणून त्यांनी ते सोसावं असं बँडमधल्या इतरांनी गृहीत धरू नये. कमेंट कोण पाहणार, काय पुसणार, तक्रार कधी करणार, हे काम बाकीच्यांनी उचलावं. आयोजकांनीही गायिकेच्या पानावरची गर्दी बघून तिला बोलावताना रात्री परतण्याची सोय मानधनाइतकीच महत्त्वाची धरावी.

पुढच्या प्रकरणांत पान कसं मांडावं, चित्रण कसं करावं, आयोजकाला काय आणि किती पाठवावं, दौरा कसा आखावा, करार कसा वाचावा हे सविस्तर येईल. सगळं एकदम करायला जाऊ नका. ज्या बँडकडे अजून चाळीस मिनिटांचा सेट तयार नाही, त्याने पुस्तक बंद करून आधी तो तयार करावा. उरलेलं नंतर वाचलं तरी चालेल.

जे वाचक वाजवत नाहीत, नुसते ऐकतात, त्यांच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या ओळखीतल्या मुलांचा बँड गावात वाजवणार असेल तर पोस्टला लाइक देऊन थांबू नका, आणि पासही मागू नका. तिकीट काढा, वेळेवर पोचा आणि शेवटच्या मोठ्या नावासाठी न थांबता पहिला बँड ऐका.